हळदीचं पान पिवळं उमटतंय

पत्र:

काका, आम्ही सांगलीत गावभागात राहतो. दिवाळीच्या ऑनलाइन सेलमध्ये साडेचार हजाराला रंगीत प्रिंटर घेतला. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, त्यांचे प्रोजेक्ट आणि सराव पेपर चालू असतात. शिवाय मी घरी हळद आणि मसाले करून विकते, त्या पाकिटांची लेबलं छापते. आत्तापर्यंत दोनदा काट्रिजची, म्हणजे काळ्या आणि रंगीत शाईच्या डब्यांची, जोडी बदलली, दर वेळी सतराशे रुपये. पाचशे कागदांचं रिम आणलं होतं, ते अजून अर्धं पडून आहे. काट्रिज संपेल या भीतीनं मुलांचं बरंचसं छापणं आम्ही बाहेरूनच करतो. महिन्याला मुलांची साधारण साठ काळी पानं, वीसेक रंगीत आणि लेबलांचे वीस स्टिकर कागद लागतात. बाहेर काळ्याचे तीन, रंगीतचे दहा आणि स्टिकरवर छापायचे पंचवीस रुपये घेतात. आता नवीनच दुखणं सुरू झालंय, लेबलावरचं हळदीचं हिरवं पान पिवळं उमटतं. दीर म्हणतात लेसर घ्या. दुकानदार म्हणतो इंक टँक घ्या. एक जण याच प्रिंटरला हजार रुपयांत बाहेरून टँक बसवून देतो म्हणतो. आणि आमचे हे म्हणतात, कशाला डोक्याला ताप, कोपऱ्यावर झेरॉक्सवाला आहे की. पंधरा हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. काय करू?

– एक वाचक, सांगली

उत्तर:

ताई, आधी त्या पानाचं बघू. प्रिंटरात हिरवा रंग नसतोच. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा एवढ्या चारांवर त्याचा सगळा संसार चालतो, हिरवं करायचं तर तो निळ्यावर पिवळा टाकतो. पान पिवळं उमटतंय म्हणजे पिवळा येतोय आणि निळा अडलाय. प्रिंटर बिघडलेला नसण्याचीच शक्यता जास्त आहे. साडेचार हजारांच्या प्रिंटरमध्ये बहुतेक वेळा शाई फवारणारी छिद्रं, म्हणजे ज्याला आम्ही हेड म्हणतो ती पट्टी, काट्रिजलाच चिकटलेली असते. छिद्रं वाळली तर काट्रिज गेली, मशीन ठणठणीत.

तेव्हा नवा घ्यायच्या आधी एक प्रयोग करा. रंगीत काट्रिज बाहेर काढा. तिच्या एका बाजूला तांब्यासारखे चकाकणारे ठिपके दिसतील, त्यांना हात लावायचा नाही. खालच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी चपटी पट्टी असते, तीच छिद्रांची. टिश्यू पेपरची चार पदरी घडी करा, उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवून पिळा, बशीत ठेवा आणि काट्रिज त्यावर मिनिटभर उभी टेकवा, पट्टी खाली. मग कोरड्या टिश्यूवर हलकेच दाबून उचला. तीन रंगांच्या तीन रेघा शेजारी शेजारी उमटायला हव्यात. निळी रेघ आली तर पान पुन्हा हिरवं होईल. दोनदा करूनही आली नाही, तर निळी शाई संपलीय किंवा छिद्रं सुटण्यापलीकडे वाळलीत. तिन्ही रंग एकाच डबीत असले की एक संपला तरी डबी टाकावी लागते, बाकीचे दोन भरलेले का असेनात. या प्रिंटरांची मला सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल तर याची.

आता तुमचा हिशोब. रिम अर्धं शिल्लक, म्हणजे अडीचशे कागद छापलेत. काट्रिजच्या दोन जोड्यांना ३,४०० रुपये. कागद न धरता एका पानाला साडेतेरा रुपयांच्या वर शाई गेली, आणि सुरुवातीची जोडी मशीनबरोबर आली होती ती यात नाही. मशीनची किंमत मिळवा, पान एकतीस-बत्तीस रुपयांना पडलं. झेरॉक्सवाला रंगीतचे दहा घेतो. म्हणजे तुमच्या यजमानांचं म्हणणं आत्तापर्यंत तरी शंभर टक्के बरोबर होतं, त्यांना सांगू नका एवढंच.

अशा प्रिंटरच्या लहान काट्रिजमधून जेमतेम शे-सव्वाशे पानं निघतात. मशीन स्वस्तात द्यायचं आणि शाईवर कमवायचं, असा हा धंदा आहे. सेलमध्ये प्रिंटर फोनच्या कव्हरएवढ्या सहजपणे विकला जातो, कारण खोक्यावर मशीनची किंमत मोठ्या अक्षरात असते आणि पानाची कुठेच नसते.

तरीही दुकानदाराचं इंक टँकचं, म्हणजे काट्रिजऐवजी टाकीत बाटलीनं शाई भरायच्या प्रिंटरचं, म्हणणं लगेच मान्य करू नका, त्यालाही आकडे लावून बघू. टँकचा, छपाई-स्कॅन-कॉपी असा तिन्ही कामांचा बरा प्रिंटर साधारण तेरा हजारांना येतो असं धरा. शाई बाटल्यांतून मिळते. एप्सनच्या ००३ नावाच्या ६५ मिलीच्या काळ्या बाटलीवर कंपनी ४,५०० पानं सांगते, तीन रंगीत बाटल्या मिळून ७,५००. हे आकडे ठरावीक नमुन्याची पानं सलग छापून काढलेले असतात. तुमच्या घरात मुलगा सूर्यमालेचं चित्र पानभर काळ्या आकाशासकट छापणार, तेव्हा निम्मे धरा. शिवाय पहिल्या बाटल्यांतली बरीच शाई नळ्या आणि हेड भरण्यातच जाते, त्यामुळे पहिली खेप लवकर संपली म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. इतकं सगळं वजा करूनही काळं पान वीस-पंचवीस पैशांच्या शाईत होतं. गंमत अशी की इथे कागद शाईपेक्षा महाग पडतो, रिम तीनशेला धरलं तर एका कागदाचेच साठ पैसे.

तुमच्या यादीप्रमाणे बाहेर महिन्याला काळ्या पानांचे १८०, रंगीतचे २०० आणि लेबलांचे ५००, मिळून ८८० रुपये होतात. घरी टँकवर हेच काम कागद, स्टिकर आणि शाई धरून अडीचशे-पावणेतीनशेत होईल. सहाशेच्या आसपास वाचले, म्हणजे तेरा हजार वसूल व्हायला पावणेदोन वर्षं. पण यातली लेबलं काढून टाका. नुसत्या मुलांच्या पानांवर महिन्याला तीनशेच वाचतात आणि मशीनचे पैसे निघायला साडेतीन वर्षं लागतात. त्यात मे आणि अर्धा जून शाळाच नाही. तेव्हा घरात प्रिंटर हवा की नको याचा निकाल मुलांचे प्रोजेक्ट नाही, तुमची हळद लावणार आहे. पुढची दोन वर्षं धंदा करायचा ठरलेला असेल तर टँक घ्या. ठरलेलं नसेल तर झेरॉक्सवाल्याकडे जा आणि मला शिव्या घाला.

ठरलंय असं धरून पुढे लिहितो.

दिरांच्या लेसरचा विचार मीही केला असता. लेसरमध्ये शाई नसते, टोनर नावाची कोरडी भुकटी असते, ती तापलेल्या रोलरनं कागदावर वितळवून चिकटवतात. महिनाभर बंद ठेवला तरी काही वाळत नाही, अक्षर कोरीव येतं, पाण्याचा थेंब पडला तरी फुटत नाही. वकिलाच्या किंवा सीएच्या ऑफिसात मी दुसरं काही सुचवत नाही. पण बजेटात बसतो तो फक्त काळा छापणारा. रंगीत लेसर तुमच्या पंधरा हजारांत येत नाही, आणि आला तरी एक दिवस चार टोनर एकदम मागतो, त्या दिवशी नवीन प्रिंटर घेतल्यासारखं वाटतं. दुसरं, तो रोलर दोनशे अंशांच्या आसपास तापवायला लेसर एकदम बरीच वीज ओढतो. लाइट गेली आणि घरचा लहान इन्व्हर्टर चालू असला की तो कुंई करून बसतो. शाईचा प्रिंटर छापताना दहा-पंधरा वॅटवर भागवतो, एलईडी बल्बएवढ्या.

बाहेरून टँक बसवून देणाऱ्याला नमस्कार करून परत पाठवा. माझं सातारला बावीस वर्षं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, मी स्वतः असे तीन प्रिंटर करून घेतले होते. झाकणाच्या फटीतून चार नळ्या बाहेर, टेबलावर चार डब्या, नळीत हवा शिरली की सिरिंजनं ओढायची. एकदा दुकानातल्या पोराच्या कोपराचा धक्का लागला आणि किरमिजी शाई थेट गिऱ्हाइकाच्या लग्नपत्रिकेच्या नमुन्यावर. वाढदिवसाचं आमंत्रण असतं तरी चाललं असतं, हो. वॉरंटी तर त्याच क्षणी जाते. कंपनीचे टँकवाले प्रिंटर मिळत नव्हते तेव्हाची ती सोय होती, आज त्याला अर्थ नाही.

टँकच्या प्रिंटरमध्ये एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही आणि तुमच्या दृष्टीनं तीच महत्त्वाची आहे. शाई कागदावर उडवायच्या दोन पद्धती आहेत. १९७७ साली जपानमध्ये कॅननच्या एका संशोधकाकडून तापलेली सोल्डरिंगची सळई शाईच्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. त्यातून उष्णतेनं बुडबुडा करून शाई ढकलायची पद्धत निघाली, कॅनन आणि एचपी तीच वापरतात. दुसरी पद्धत एप्सन आणि ब्रदरची. तिच्यात वीज दिली की एक स्फटिक वाकतो आणि शाई ढकलतो, उष्णता लागत नाही. तुम्हाला दोन्हींत छपाईचा फरक दिसणार नाही. फरक कळतो तो हेड तुंबल्यावर. एप्सन आणि ब्रदरचं हेड मशीनचाच भाग असतं, टिकतं पुष्कळ, पण गेलं तर दुरुस्तीचं बिल ऐकून नवीनच घ्यावासा वाटतो. कॅननच्या जी मालिकेतल्या आणि एचपीच्या स्मार्ट टँक मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलांत हेड घरच्या घरी काढून नवीन घालता येतं.

रोज पन्नास पानं छापणाऱ्यानं कुठलाही घ्यावा, चालणारं हेड सहसा तुंबत नाही. तुमचं काम लहरीवर आहे. लेबलं एकदम वीस, मग पंधरा दिवस काही नाही, सुट्टीत महिनाभर काही नाही. अशा घराला मी हेड बदलता येणारा प्रिंटर सांगतो. हा माझा कल. एप्सन वापरून समाधानी असलेली घरं माझ्याच गल्लीत चार आहेत, आणि ती चारही रोज छापणारी आहेत.

दुसरं विचारायचं ते वाया जाणाऱ्या शाईचं. हेडची सफाई होते तेव्हा शाई बाहेर फेकली जाते आणि मशीनच्या तळाशी असलेल्या फोममध्ये जिरते. दोन-चार वर्षांनी फोम भरला असं मशीन ठरवतं आणि एक दिवस दिवे मिचकावून काम थांबवतं. टाकीत शाई भरलेली, हेड उत्तम, आणि तरी छापत नाही. माणसं घाबरून भंगारात देतात. काही नव्या मॉडेलांत हा फोम छोट्या डबीत असतो आणि डबी स्वतःला बदलता येते. कॅननच्या जी २०२० आणि जी ३०२० मध्ये तशी सोय आहे. दुकानात या डबीचं इंग्रजी नाव घेऊन विचारा, ‘मेंटेनन्स बॉक्स काढता येतो का?’ आणि उत्तर ऐकताना विक्रेत्याचा चेहरा बघा. त्याला प्रश्नच कळला नाही तर दुसऱ्या माणसाला बोलवायला सांगा.

बाकी गोष्टी भराभर. स्कॅनर काचेचा साधा असला की पुरे, कागद आपोआप ओढणाऱ्या स्कॅनरचे दोन-तीन हजार वाचवा. दोन्ही बाजूंनी आपोआप छापणं नसलं तरी चालतं, आधी विषम पानं छापायची, गठ्ठा उलटा घालायचा, मग सम पानं. मुलगी आठवीत आहे ना, तिला एकदा दाखवा. वायफाय मात्र असू द्या, कारण शाळेतून येतं ते सगळं फोनवर येतं. स्वस्त प्रिंटरना बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झचंच वायफाय दिसतं. घरच्या राउटरवर फक्त ५ गिगाहर्ट्‌झ चालू असेल तर प्रिंटर सापडत नाही आणि सगळे त्यालाच बोल लावतात. फॅक्स आणि रंगीत स्क्रीन विसरा.

लेबलावर मात्र थांबावं लागेल. तिथे तुम्ही नवीन प्रिंटर आणूनही फसू शकता.

शाई दोन जातीची असते. एक पाण्यात विरघळलेली, तिला डाय म्हणतात. दुसरीत रंगाचे बारीक कण असतात, ती पिगमेंट. डायचे रंग खुलतात पण ओला हात लागला की पसरतात. पिगमेंट वाळली की पाण्याला सहसा दाद देत नाही. घरगुती टँक प्रिंटरांत रंग बहुतेक डायचेच असतात. काळी कुठे डाय, कुठे पिगमेंट. एप्सनच्या त्या ००३ मधली काळी डाय आहे, कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये काळी बहुधा पिगमेंट असते. तुमचं पाकीट कुठे जाणार? गॅसजवळच्या फळीवर. ओल्या हातानं उचललं जाणार. वजन, किंमत, पॅकिंगची तारीख आणि अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर हे सगळं काळ्यात असतं, आणि तेच पुसलं तर पाकीट निनावी झालं. तेव्हा तुम्हाला काळी पिगमेंटचीच हवी.

हे दुकानात तपासता येतं. तुमच्या लेबलाची फाइल पेन ड्राइव्हवर न्या, घरचे दोन स्टिकर कागद न्या, डेमोच्या मशीनवर एक छापून घ्या. पाच मिनिटं तिथेच बसा. मग पाण्याच्या बाटलीत बोट बुडवून आधी काळ्या अक्षरांवरून आणि मग हिरव्या पानावरून फिरवा. अक्षरं जागेवर राहतील, पान बोटाबरोबर येईल. डेमो दाखवायला जो तयार नाही त्याच्याकडून तेरा हजारांची वस्तू घेऊ नये. ऑनलाइन दोन-चारशे रुपये स्वस्त मिळेल, पण हे बोट तिथे फिरवता येत नाही.

स्टिकर कागदही बघून घ्या. गुळगुळीत, चकचकीत आणि ‘लेसरसाठी’ लिहिलेला कागद शाई पीतच नाही, ती वर तरंगते आणि हाताला लागते. इंकजेटचा, म्हणजे शाईच्या प्रिंटरसाठीचा, बिनचकाकीचा मॅट घ्या.

मग त्या हिरव्या पानाचं काय करायचं? पुष्कळ जणी वरून पारदर्शक टेप लावतात. टिकतं, पण वीस कागदांवरच्या दोनशे लेबलांना टेप लावताना कंबर मोडते. मी असतो तर काम दोन ठिकाणी वाटलं असतं. नाव, पान, पिवळी किनार हा न बदलणारा रंगीत भाग प्रेसमधून एकदम हजार-दोन हजार छापून घ्यायचा, खाली पांढरी मोकळी पट्टी सोडून. घरच्या प्रिंटरवर फक्त त्या पट्टीत काळ्या शाईनं वजन, किंमत आणि तारीख टाकायची. सांगलीत पत्रिका छापणाऱ्या प्रेसची वाण नाही, लग्नसराई संपली की पावसाळ्यात त्यांच्याकडे काम कमी असतं, तेव्हा भाव करा. मात्र प्रेसवाल्याला आधीच सांगा की कागद घरच्या इंकजेटमधून जायचाय. त्यानं वरून वॉर्निश मारलं तर तुमची काळी शाई त्यावर टिकणार नाही. आणि लेबलं सुटी कापून देऊ नका म्हणावं, ए-४ च्या अख्ख्या कागदावर दहा-दहा असू द्या.

असं केलंत तर वरचा हिशोब थोडा बदलेल, प्रेसचे पैसे त्यात येतील. पण पाकीट दुकानात ठेवण्यासारखं दिसेल. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आणि तिच्या पाकिटावरचं पान ओल्या बोटानं निघून येतंय, हे काही बरं दिसत नाही.

आता घरी आणल्यावर. माझी स्वतःची चूक सांगतो. पहिला टँक प्रिंटर घेतला त्या वर्षी मे महिन्यात तीन आठवडे सासुरवाडीला गेलो. निघायची घाई, एसटी चुकेल म्हणून शेवटचं पान अर्धं बाहेर आलेलं असतानाच भिंतीवरचा बटण खटकन बंद केला. प्रिंटर स्वतःच्या बटणानं बंद केला तर हेड एका कोपऱ्यात जाऊन बसतं आणि खालून रबराची टोपी येऊन छिद्रं झाकते. मी वीजच तोडली, हेड मध्येच उघडं राहिलं, बाहेर चाळीस अंश. परत आलो तर काळा गायब. घाबरून लागोपाठ सहा वेळा सफाई दिली, अर्धी टाकी तळाच्या फोममध्ये गेली आणि काळा काही आला नाही. दुरुस्तीचा आकडा नव्या प्रिंटरच्या निम्म्याहून जास्त निघाला. म्हणून सांगतो, आधी प्रिंटरचं बटण, त्याचा आवाज थांबू द्या, मग भिंतीवरचं. छापता छापता लाइट गेली तर आल्यावर चालू करून पुन्हा नीट बंद करा.

आठवड्यातून एक रंगीत पान काढा, चारही रंग असलेलं. मुलाकडे द्या हे काम, तिसरीतल्या पोराला यापेक्षा आवडीचं काम नाही. एखादा रंग तुटक आला तर नोझल चेकचं पान काढा, त्यात चार रंगांच्या जाळ्या येतात आणि कुठली तुटलीय ते दिसतं. सफाई दोनदा, फार तर तीनदा, मग रात्रभर तसाच ठेवा. वाळलेली शाई रात्रीत भिजते आणि सकाळी पुष्कळदा आपोआप सुटते. मी त्या दिवशी रात्रभर थांबलो असतो तर कदाचित हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

पावसाळ्यात उघडं रिम ओल धरतं, दोन-दोन कागद एकदम आत जातात. लागतील तेवढे दहा-वीस ट्रेमध्ये ठेवा, बाकी पिशवीत तोंड बांधून. ७५ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम भरणारा, कागद घ्या, ७० चा चार रुपये स्वस्त असतो आणि पावसात चाळीस रुपयांचा त्रास देतो.

गावभागात राहता म्हणून आणखी एक. २०१९ चा पूर तुम्ही पाहिलाय, मी काय सांगणार. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की माणसं सामान वर न्यायला लागतात, आणि त्या धांदलीत प्रिंटर गादीसारखा काखेत आडवा मारला जातो. टँकचा प्रिंटर आडवा करायचा नाही, शाई आत सांडते, नळ्यांत हवा शिरते. दोन्ही हातांनी, ताटातली आमटी नेतो तसा सपाट न्यायचा. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी माडीवर मांडा. वायफाय आहेच, खाली बसून छापता येईल.

बिल जपून ठेवा आणि वॉरंटीचा कागद वाचा. बऱ्याच टँक प्रिंटरांना ‘एक वर्ष किंवा इतकी पानं, जे आधी होईल ते’ अशी अट असते. सर्व्हिस सेंटर सांगली-मिरजेत आहे की कोल्हापूरला न्यावं लागणार, हे पैसे देण्याआधी विचारा, नंतर नाही.

आणि त्या टिश्यूवर निळी रेघ उमटली तर जुना प्रिंटर लगेच काढू नका. आत आहे तेवढी शाई संपेपर्यंत मुलांची रंगीत पानं त्यावरच काढा, तोवर प्रेसवाल्याकडून भाव येतील. पुढची जोडी मात्र आणायची नाही. रेघ उमटली की नाही ते कळवा.